घमेल्याखालचा ठसा

खोली भाड्याने देण्याआधी लिंबाजी कंडक्टरांनी माझा चष्मा मागून घेतला. मला वाटलं, जवळचं काही वाचायचं असेल. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, स्वतःच्या डोळ्यांना लावून दाराबाहेरच्या लिंबाच्या झाडाकडे बघितलं आणि परत देत म्हणाले, "हां. खराच हाय."

"चष्मा खोटा कशाला असेल?" मी विचारलं.

"मॅडम, आंधळ्याच्या पासावर पेपर वाचत जाणारी माणसं बघितलीत म्या. गाडीत चढलं की माणसाला काय बी होतंय. पोरगं लहान होतंय, म्हातारं आणखी म्हातारं होतंय, धडधाकट माणूस लंगडाया लागतंय. आन् खाली उतरलं की समदे बरे!"

निलंग्याच्या पुढे, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या त्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी नेमणूक झाली होती. मी नांदेडची, शहरात वाढलेली. एकट्या बाईला खोली द्यायला गावात फारसं कुणी तयार नव्हतं, आणि तयार होते त्यांच्याकडे मला राहायचं नव्हतं. लिंबाजींच्या घरात समोर बुद्धाची मूर्ती, अंगणात सारवलेली स्वच्छ जागा आणि दारात हसरी प्रयागबाई. तिच्याकडे बघून मी हो म्हटलं. नवऱ्याकडे बघून म्हटलं असतं तर त्याच गाडीने परत गेले असते.

लिंबाजी एस.टी.तून निवृत्त झाले होते, पण ते पगारापुरतेच. बाकी ते शेवटपर्यंत ड्यूटीवर होते. उंच, किडकिडीत अंग. आयुष्यभर चामड्याची पिशवी अडकवून उजवा खांदा कायमचा खाली आलेला. बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत, हातांकडे बघत. "तोंड काय बी बोलतंय, हाताला खोटं बोलता येत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. पहिले काही महिने त्यांच्यासमोर हात कुठे ठेवावेत हेच मला कळत नसे.

कमरेला तंबाखूची चंची आणि चंचीत चुन्याची डबी. तंबाखूला जेवढा चुना लागे त्याच्या कितीतरी पट ते खुणा करण्यात घालवत. दूधवाल्याने दूध ओतलं की भांड्यावर अंगठ्याने चुन्याची रेघ. पाण्याच्या टाकीवर रेघ. सरपणाच्या वरच्या लाकडावर ठिपका. कुलूप लावलं की कुलपाच्या कडेला ठिपका, म्हणजे कुणी हात लावला तर पुसला जाईल. आणि प्रत्येक खूण करताना मला हाक. "मॅडम, बघून ठिवा. तुमची गवाही लागंल."

ही गवाही प्रत्यक्षात कुणाला कधी लागली नाही. पण मी दुधाची गवाही होते, मीटरच्या आकड्याची होते, शेजाऱ्याच्या कोंबडीने आमच्या अंगणात अंडं घातलं त्याचीसुद्धा होते. शाळेत जायची घाई असायची आणि हे सरपणापाशी उभे, अंगठा चुन्याने पांढरा. बघितल्याशिवाय सुटका नसे. "हो, बघितलं," असं स्पष्ट म्हणावं लागे. नुसती मान हलवलेली त्यांना चालत नसे.

प्रयागबाईंना या सगळ्याचं काही वाटेनासं झालं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून त्या नवऱ्याच्याच गाडीने आल्या, ती गोष्ट त्या रंगवून सांगत. नवी साडी नेसून पुढच्या सीटवर बसल्या. नवरा समोर आला, पंच टिकटिक वाजवला आणि विचारलं, "कुठं जायचं?" सगळी गाडी ओळखीची. सगळी हसायला लागली.

"म्या म्हणलं, तुमच्याच घरी," प्रयागबाई सांगत. "तर म्हणतोय कसा, घर गाडीच्या भाईर हाय, गाडीत तिकीट लागतंय. बायकूचा पास झाला न्हाई आजून. फाडलं की मपलं तिकीट! उतरल्या उतरल्या त्या तिकिटाचे तुकडे करून त्यांच्याच अंगावर टाकले. तर हे तुकडे येचत बसले. म्हणे, इथं चेकिंगवाला आसता तर?"

लिंबाजी बाजूला बसून हे ऐकत आणि शेवटी गंभीरपणे म्हणत, "आसता तर काय केलं आसतं?"

त्यांचा हा रोग मलाही लागला. एकदा माझ्या साखरेच्या डब्यावर आतून मी पेन्सिलीने रेघ ओढली आणि ओढून झाल्यावर स्वतःचीच लाज वाटली. घरात दुसरं होतं कोण? प्रयागबाई. त्या तर मलाच रोज वाटीभर काहीतरी आणून देत. रेघ पुसली खरी, पण साखर कमी झाल्यासारखी वाटतच राहिली.

गावाच्या वरच्या अंगाला, निलंगा रस्त्याला चिकटून एक जुना तलाव आहे. निवृत्त झाल्यावर लिंबाजींनी तो मासे पाळायला ठेक्याने घेतला होता. रोहू, कटला, मृगळ. पावसाळ्यात बोटाएवढी पिल्लं सोडायची, ती वाढली की निलंग्याहून भोई बोलवून जाळं टाकायचं. दिवसभर ते बांधावर बसत. रस्त्याने एस.टी. गेली की आधी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत आणि मग गाडीकडे. "लेट हाय," असं पुटपुटत. वेळेवर आलेली गाडी त्यांनी कधी बघितली होती की नाही, कुणास ठाऊक. पण एक अपवाद सोडला तर एकही गाडी घड्याळ बघितल्याशिवाय जाऊ दिली नाही, हे मी खात्रीने सांगते. इथे मी खरीच गवाही आहे.

मासे पाळणाऱ्या माणसाला चोरांचा धाक असतोच, पण लिंबाजींना सगळ्या जगाचा होता. काठाच्या दगडावर त्यांनी चुन्याची आडवी रेघ मारली होती. कुणी पंप लावून पाणी ओढलं तर कळावं म्हणून. आणि संध्याकाळी घरी येण्याआधी बांधाच्या वाटेवर ते चुन्याची फक्की पसरत, क्रीडांगणावर आखतात तशी. सकाळी जाऊन तिच्यात उमटलेले पाय वाचत. गावातली सगळी पायताणं त्यांना पाठ होती. कुणाची टाच झिजलेली, कुणाचा अंगठा बाहेर, कुणाच्या बुटाला खिळे. एकदा फक्कीत अनोळखी अनवाणी पावलं उमटली. लिंबाजी माग काढत निघाले. रस्ता ओलांडून, ओढ्याकडेने, गावात, गल्लीत. मी शाळेला निघाले होते, मलाही बरोबर घेतलं. पावलं आमच्याच उंबऱ्यापाशी येऊन थांबली. आत प्रयागबाई भाकरी थापत होत्या.

"काल डबा इसरून गेल्ता, तो ठिवून आले," त्या म्हणाल्या. "तुमी बांधावर झोपल्ता."

"म्या झोपलो न्हवतो," लिंबाजी म्हणाले. त्या दिवशी मात्र त्यांनी मला गवाही मागितली नाही.

तळ्यात चुना टाकायचं मत्स्य खात्याच्या साहेबांनी सुचवलं होतं. एका हिवाळ्यात माशांच्या अंगावर लाल चट्टे दिसू लागले. पाला कुजून पाणी आंबटलंय, त्याने रोग येतोय, चुना टाकला की पाणी सुधारेल, असं साहेब म्हणाले. कळीचा चुना आणायचा, पाण्यात विरघळवायचा, पूर्ण थंड करायचा आणि सकाळच्या वेळी थोडा थोडा तळंभर फवारायचा. तळ्यात पाणी जेवढं, त्या मानानं चुना. कमी टाकला तर उपयोग नाही, जास्त टाकला तर मासेच मरतील.

साहेबांची जीप गेल्यावर लिंबाजी मला म्हणाले, "ह्यो माणूस खरं बोलतोय का खोटं, कसं कळायचं?"

"अहो, ते सरकारी साहेब आहेत."

"मंग तर बघावंच लागंल."

त्यांनी आधी अंगणातल्या टिपाडात तळ्याचं पाणी भरलं, त्यात थोडा चुना घातला आणि दोन मृगळ सोडले. मृगळ टिपाडात आरामात फिरत राहिले. रोज सकाळी मला त्या टिपाडात वाकून बघावं लागे आणि "जिवंत आहेत" असं म्हणावं लागे. तेव्हा कुठे तळ्यात चुना पडला. चट्टे गेले. पुढे दरवर्षी चुना टाकायचा रिवाजच झाला, पण साहेबांवरचा शक काही गेला नाही. "ह्या बारीला खरं निघालं," एवढंच ते म्हणत.

आता अप्पांबद्दल सांगायला हवं. मन्मथअप्पा म्हणजे गावातले किराणावाले. लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, बुटके, गोल, हळू बोलणारे. किराण्याबरोबर दुकानात घरं रंगवायचा चुनाही असे. लिंबाजी नोकरीत असताना अप्पा रोज त्यांच्या गाडीने निलंग्याला माल आणायला जात. एकदा लिंबाजींनी अप्पांच्या पोत्यावर हात ठेवून सामानाचं तिकीट मागितलं. अप्पांनी दिलं नाही. निलंगा येईपर्यंत दोघं भांडले, आणि परतीच्या गाडीत पुन्हा भांडता यावं म्हणून एकमेकांशेजारी बसले, ते कायमचेच. बुद्धपौर्णिमेची खीर अप्पांशिवाय उतरत नसे. आणि आयुष्यात एकाच माणसाच्या हातांकडे न बघता लिंबाजी बोलत, तो म्हणजे अप्पा.

पण मला त्या अप्पांचा संशय येऊ लागला होता. मांस-मच्छीचा वाससुद्धा न चालणाऱ्या घरातला हा माणूस, संध्याकाळी डोक्याला उपरणं गुंडाळून बांधावर काय करतो? त्यांच्या दुकानातून शेंगदाण्याच्या पेंडीची पोती तळ्यावर कशी जातात? माझ्या डोक्यात काहीबाही येऊ लागलं. शेवटी मी लिंबाजींना विचारलंच. ते बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले.

"कुणाला सांगणार न्हाई?"

"नाही."

"अप्पा तळ्यात अर्ध्याचा भागीदार हाय. कागदावर नाव न्हाई. त्याचा थोरला भाऊ, आण्णा, लई कडक. मठातला माणूस. भाऊ मासं पाळतोय म्हणून कळलं, तर त्या घरात अप्पाच्या हातचं पाणी कुणी घेणार न्हाई."

"मग करतात कशाला?"

"त्याला मासं आवडत्यात. खायाला न्हाई, बघायला." लिंबाजींचा आवाज जरा खाली आला. "पेंड टाकली की कटला वर येतोय ना तोंड उघडून, ते बघत बसतोय. घरी पोरंबाळं न्हाईत त्याला."

ही गोष्ट आम्हा तिघांत राहिली. प्रयागबाईंना ठाऊक होती, पण त्यांना काय ठाऊक आहे हे लिंबाजींना ठाऊक नव्हतं.

ज्या वर्षीची ही हकीकत, त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. फाल्गुनातच तळं निम्म्यावर आलं. पाणी कमी, मासे मोठे, आणि अंगावर पुन्हा चट्टे. चुना टाकायलाच हवा होता. लिंबाजींनी अप्पांच्या दुकानातून एक खडा आणला. चुना पारखायची त्यांची पद्धत अशी: घमेल्यात खडा ठेवायचा, वरून पाणी ओतायचं आणि कान लावून बसायचं. ताजा चुना तडतडतो, उकळतो, फुटतो, वाफ सोडतो. हवेला पडून राहिलेला चुना गप्प बसतो. त्याला ते मेलेला चुना म्हणत.

त्या दिवशी घमेल्यातून काहीच आवाज आला नाही. लिंबाजी किती वेळ वाकून होते. मग उठले. "मेलाय," म्हणाले. "दिवाळीपासून उघडा पडलाय त्याच्या दुकानात. मॅडम, अप्पाला बोलू नगा. त्याला वाईट वाटंल."

मला आश्चर्य वाटलं. रेल्वे स्टेशनवरच्या घड्याळालाही खोटं ठरवणारा हा माणूस मित्राला मात्र त्याचा माल वाईट आहे हे सांगायला तयार नव्हता. ते गुपचूप उदगीरला गेले, दुसऱ्या दुकानातून चुना आणला, भिजवून थंड केला आणि ट्यूबच्या तराफ्यावर बसून एका सकाळी तळंभर टाकला. अप्पांना फक्त एवढंच सांगितलं, "चुना टाकला."

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रयागबाईंनी माझं दार वाजवलं. "बाई, चला. तळ्यावर बघा काय झालंय."

तळं पांढरं झालं होतं. मासे उताणे तरंगत होते. काठाशी, मधे, सगळीकडे. जे जिवंत होते ते वर येऊन तोंडं उघडमीट करत होते, पेंड मागताना करायचे तशीच. कटल्यांचे डोळे पांढुरके झालेले. बगळे काठावर येऊन उभे होते, पण चोच लावत नव्हते. लिंबाजी पाण्यात गुडघाभर उभे. एक कटला हातात घेऊन त्याचे कल्ले उघडून बघत होते. त्यांनी मला बघितलं, मासा पाण्यात सोडला आणि वर आले.

"मॅडम, बघून ठिवा."

बांधाच्या वाटेवर फक्कीत बाकीचे पाय फिसकटलेले होते, एकच ठसा स्पष्ट उमटला होता. रुंद पाऊल, टायरच्या तळाची चप्पल, डाव्या टाचेला नालेचा अर्धा गोल. ती नाल गावात एकाच माणसाच्या चपलेला होती. दुकानाच्या फरशीवर तिचा आवाज मी रोज ऐकत होते.

"हा अप्पांचा..."

"गप ऱ्हावा." लिंबाजींनी जवळचं घमेलं उचललं आणि ठशावर उपडं ठेवलं. तोवर गावातली माणसं जमू लागली होती. "ह्याला कुणी हात लावायचा न्हाई. पोलीस येईस्तोवर न्हाई!" ते ओरडले. त्यांचा असा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

तळ्यावर गावाची गुरं पाणी प्यायची. माणसं घाबरली होती. विष टाकलं, विष टाकलं, एवढंच सगळ्यांच्या तोंडी. सरपंचांना निरोप गेला. लिंबाजी मला म्हणाले, "चला. गवाही लागंल." वाटेत मीच बोलले. म्हटलं, "काहीतरी गैरसमज असेल." ते म्हणाले, "मॅडम, पायताण खोटं बोलत न्हाई." मग काही पावलं गेल्यावर, "आण्णाला कळलं आसंल. अप्पानं आपलं नाव यायच्या आधीच तळं मारून टाकलं. दुसरं काय?" हे सांगताना त्यांचा चेहरा कसा झाला होता ते मला अजून आठवतं, आणि आठवलं की वाईट वाटतं. तो दुधात पाणी पकडल्याचा चेहरा नव्हता.

अप्पा दुकानात एकटेच होते. तराजूपाशी बसलेले. आम्हाला बघून उठले नाहीत.

"अप्पा, पहाटं तळ्यावर कामून आल्तास?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं.

"मॅडमला समदं ठावं हाय. बोल."

"तू खोटं बोललास माज्याशी," अप्पा म्हणाले.

लिंबाजी गडबडले. त्यांना कुणी असं म्हणेल याची सवय नव्हती.

"म्या?"

"तू. म्हणलास, चुना टाकला. माज्या गोणीला तर हातच लावला न्हाईस."

"तुझा चुना मेल्ता!"

"मेल्ता, हाव. प्रयागवैनीनं सांगितलं मला. त्याच दिवशी तो फेकला आन् भट्टीवरून ताजा आणून ठिवला. हितं, ह्या कोपऱ्यात. वाट बघितली, लिंबाजी येईल, घेऊन जाईल. तू आलाच न्हाईस. वर सांगितलास, टाकला म्हणून." अप्पांनी तराजू बाजूला सारला. "मला वाटलं, लिंबाजीला आता तळं नकू झालंय. नुसतं सांगून राहिलाय. मासं मरतील रं सगळे. म्हणून पहाटं म्याच गेलो."

"म्या उदगीरहून आणला हुता."

"मला सांगायचं की."

"तुला वाईट वाटलं आसतं." लिंबाजी थांबले. "तू मला ईचारायचं की."

"तुला राग आला आसता."

दुकानात आणखी कुणी नव्हतं, पण मला तिथून बाहेर जावंसं वाटलं. दोन माणसांनी एकमेकांवर शक घेतला होता आणि एकमेकांना दुखवायचंही टाळलं होतं, आणि त्या दोन्हींमधून तळं दोनदा चुन्याने भरलं होतं.

शेवटी लिंबाजींनी विचारलं, "भिजवून थंड तरी केल्तास का?"

"अर्धामुर्धा. उजाडत आल्तं. कुणी बघितलं आसतं तर?" अप्पांनी उपरण्याने तोंड पुसलं. "वर यायले होते रं ते. पेंड हाय आसं समजून वर यायले होते, आन् म्या त्यांच्या तोंडात..."

मग अगदी हळू म्हणाले, "लिंबाजी, आता आण्णाला कळंल."

बाहेरून कुणीतरी पळत आलं. सरपंच तळ्यावर आले होते, कंडक्टरला बोलावत होते. लिंबाजी निघाले. दाराशी पोचल्यावर अप्पांच्या चपलांकडे बघितलं आणि म्हणाले, "आज भाईर निघू नगंस."

तळ्यावर सगळं गाव होतं. आण्णाही आले होते, हातात काठी, गर्दीच्या कडेला. सरपंचांनी विचारलं, "कंडक्टर, तुमचा कुणावर शक हाय?"

कुणीतरी हसलं. हा प्रश्न त्यांना विचारणं म्हणजे गंमतच होती. पण लिंबाजी हसले नाहीत.

"कुणावर बी न्हाई," ते म्हणाले. "चुना म्याच टाकला. एक डाव टाकला, मला वाटलं कमी पडला, म्हणून दुसऱ्या डावाला पुन्ना टाकला. थंड व्हायच्या आधीच टाकला. इष न्हाई. गुरांना काय होत न्हाई. चुकी मपली हाय."

"तुम्ही? दोन्ही डाव?"

"दोन्ही."

"मग ह्या घमेल्याखाली काय हाय?" गर्दीतून एकाने विचारलं. "सकाळी तर पोलीस येईस्तोवर हात लावू नका म्हणून बोंबलत होता."

सगळे घमेल्याकडे बघू लागले. आण्णा पुढे आले. त्यांची काठी घमेल्यापासून हातभर लांब होती. मला वाटलं, संपलं. त्यांनी ते उचललं की भावाच्या टाचेची नाल त्यांना ओळखायला क्षणही लागणार नव्हता.

लिंबाजी घाईघाईने गेले नाहीत. सावकाश चालत गेले, घमेल्यावर वाकले, एका हाताने ते उचललं आणि त्याच वेळी आपला पाय त्या जागेवर ठेवला. पाय थोडा फिरवला. मग बाजूला झाले. फक्कीत आता त्यांचीच स्लिपर उमटली होती आणि तिच्याखाली काही वाचता येत नव्हतं.

"हे बघा," ते म्हणाले. "मपलाच हाय. सकाळी डोस्कं फिरल्तं, वळखला न्हाई."

सरपंचांना पटलं नव्हतं. ते इकडेतिकडे बघत होते. तेव्हा लिंबाजी माझ्याकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या हातांकडे न बघता डोळ्यांकडे बघत होते.

"मॅडमनी बघितलंय. मॅडम, तुमची गवाही."

शाळेच्या बाईच्या शब्दाला गावात वजन असतं. दूध, मीटर, सरपण, अंडं, टिपाडातले मासे, अशा कितीतरी खऱ्या गोष्टींची गवाही त्या माणसाने माझ्याकडून घेतली होती आणि त्यातली एकही उपयोगी पडली नव्हती.

"हो," मी स्पष्ट म्हटलं. "मी बघितलंय. दोन्ही वेळा तेच होते."

मला त्याचं काही वाटलं नाही. आजही वाटत नाही. उलट त्या क्षणी त्या खाली झुकलेल्या खांद्याच्या माणसाचा मला इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी चष्मा काढून पुसत बसले.

गावाने लगेच विश्वास ठेवला. कारण लिंबाजी कंडक्टर खोटं बोलतात हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मग मात्र सगळ्यांनी त्यांचा पुरता उद्धार केला. ज्यांच्या पायताणांचे ठसे ते वाचायचे, ज्यांच्या दुधात बोट घालायचे, ज्यांच्या पोरांना हाफ तिकीट देताना शाळेतली इयत्ता विचारायचे, त्या सगळ्यांनी. जन्मभर लोकावर शक घेतला आणि स्वतःचंच तळं मारलं. पोरं त्यांना लांबून "डबल!" म्हणून ओरडू लागली. एरवी त्यांनी त्या पोरांच्या बापांपर्यंत माग काढला असता. आता मान खाली घालून पुढे जात. मेलेले मासे काढून खड्ड्यात पुरायला त्यांना आणि प्रयागबाईंना दिवस पुरेना. अप्पा आले नाहीत. येऊ नगंस असं लिंबाजींनीच सांगितलं होतं.

एका संध्याकाळी प्रयागबाई मला म्हणाल्या, "म्याच सांगितलं होतं अप्पाला, चुना मेलाय म्हणून. मला वाटलं, चांगलंच करायलेय." त्या घरात सगळ्यांनी सगळं चांगल्यासाठीच केलं होतं.

पावसाळ्यात तळं भरलं. ठेका घ्यायला दुसरं कुणी पुढे आलं नाही, तेव्हा तो पुन्हा लिंबाजींकडेच आला. नवी पिल्लं सोडली गेली. अप्पांनी घरी काय सांगितलं, केव्हा सांगितलं, मला माहीत नाही. एवढंच कळलं की आण्णांनी काही दिवस चूल वेगळी मांडली होती आणि मग एके दिवशी स्वतःच काठी टेकत बांधावर येऊन पेंड खाणारे कटले बघून गेले.

पुढे माझी बदली हिमायतनगरकडे झाली. निघायच्या दिवशी लिंबाजी घरी नव्हते. तळ्यावर चुन्याचं काम आहे, म्हणाल्या प्रयागबाई. मला जरा राग आला. इतकी वर्षं राहिले आणि निरोप द्यायला माणूस थांबला नाही. खोलीतलं सामान आवरताना पाण्याच्या टाकीकडे बघितलं. जुनी चुन्याची रेघ होती, पण नवी मारलेली नव्हती.

गाडी तळ्याच्या कडेने निघाली. मी खिडकीतून बघितलं. बांधावर लोखंडी टिपाड होतं आणि त्यातून वाफ येत होती. टिपाडाच्या एका बाजूला लिंबाजी वाकले होते, दुसऱ्या बाजूला अप्पा, डोक्याला उपरणं नाही, विभूती उघडी. दोघांनीही टिपाडाकडे कान लावला होता. अप्पांचा चुना खरा आहे की नाही ते तपासणं चाललं होतं, आणि ते काम आता दोघांनी मिळून करायचं ठरलेलं दिसत होतं. अप्पांनी काहीतरी म्हटलं. लिंबाजींनी मान हलवली आणि पुन्हा ऐकू लागले.

माझी गाडी त्यांच्या अगदी जवळून गेली. चांगली लेट होती. लिंबाजींनी मनगटाकडे बघितलं नाही.